पाद्रीबुवांची गाडी आणि दारुड्याचा आरसा

व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स कोर्टहाउस नावाचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा गावांत सराई म्हणजे जेवण, मुक्काम, टपाल, राजकारण आणि दारू या सगळ्यांचा एकच पत्ता. गर्दीच्या अशाच एका दिवशी विल्यम मीड नावाचा तरुण पाद्री तिथे पोचला, तर सराईच्या ओसरीवर त्याच्याच चर्चचा एक वयस्क पाद्री पुस्तकांचं दुकान मांडून उभा. त्या पुस्तकांत थॉमस पेनचं ‘एज ऑफ रीझन’ पाहून मीडला धक्काच बसला. बायबलची चिरफाड करणारं पुस्तक, आणि विकणारा कोण, तर पाद्री! त्याने जाब विचारताच म्हाताऱ्याने लगेच दुसरं पुस्तक पुढे केलं. लँडॅफचे बिशप वॉटसन यांनी पेनला दिलेलं ते उत्तर होतं. विषही माझ्याकडे आहे आणि उताराही, असा त्याचा खुलासा.

मीड पुढे व्हर्जिनियाचा बिशप झाला. १८५७ साली त्याने आपल्या प्रांतातल्या जुन्या चर्चांचा आणि पाद्र्यांचा इतिहास छापला, त्यात हा प्रसंग आहे. त्याच्या सुरात कौतुकापेक्षा नापसंतीच जास्त आहे. (पेनची पुस्तकं किती दूरवर गेली पाहा. पुढे पुण्यात जोतीराव फुल्यांच्या विचारांना धार आली तीही पेनच्या वाचनातून.)

या विक्रेत्या पाद्र्याचं नाव मेसन लॉक वीम्स. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं नसेल, पण त्याची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली आहे. छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि विचारल्यावर खरं सांगून टाकलं, ती गोष्ट. ती वीम्सने छापली, आणि तिला पुरावा कसलाच नाही. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत वीम्सची ओळख थापाड्या चरित्रकार एवढीच उरली. खरं तर तो आयुष्यभर प्रचारक होता. चर्च हातचं गेल्यावर त्याने गाडीलाच व्यासपीठ केलं आणि छापील पुस्तिकेलाच प्रवचन. देशव्यापी दारूविरोधी संस्था अमेरिकेत अजून उभ्याही राहिल्या नव्हत्या, तेव्हा दारूविरुद्ध लोकांना हसवत-घाबरवत बोलण्याची एक रीत त्याने घडवली. थापा आणि प्रचार या दोन गोष्टी एकाच माणसाच्या का, हे समजून घ्यायचं तर त्याच्या तरुणपणापासून सुरुवात करायला हवी.

दीक्षेसाठी समुद्रापार

वीम्सचा जन्म १७५९ सालचा, मेरिलँडमधल्या ॲन अरुंडेल परगण्यातला. चेसापीक उपसागराच्या काठचा हा तंबाखूचा मुलूख, गुलामांच्या श्रमावर चालणारा. एकोणीस भावंडांत वीम्स शेंडेफळ. धर्मशिक्षणासाठी तो इंग्लंडला गेला. शिक्षण झालं, पण दीक्षा अडली. अमेरिकेत तोवर वीम्सच्या अँग्लिकन (पुढे तिथे एपिस्कोपल म्हणवल्या गेलेल्या) चर्चचा एकही बिशप नव्हता, आणि बिशपशिवाय पाद्र्याला दीक्षा देता येत नाही. इंग्लंडच्या बिशपांची दीक्षा द्यायला हरकत नव्हती, पण त्याआधी राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. नुकतीच त्याच राजाशी लढून स्वतंत्र झालेल्या देशाचा नागरिक ती शपथ घेणार कशी?

वीम्सने थेट मोठ्या दारांवर थाप मारली. १७८४ च्या सुरुवातीला त्याने युरोपात वकिलातीवर असलेल्या जॉन ॲडम्सना पत्र लिहिलं. हेच ॲडम्स पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी डेन्मार्कच्या वकिलाशी बोलून तिथल्या बिशपांकडून दीक्षा मिळेल अशी सोय काढली. पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननाही वीम्स आणि त्याचा सोबती एडवर्ड गँट यांनी गाऱ्हाणं सांगितलं. फ्रँकलिनचं उत्तर त्यांच्या खास तिरकस शैलीतलं आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना चार चांगल्या गोष्टी शिकवायच्या म्हणून माणसाला जाऊन-येऊन सहा हजार मैलांचा समुद्र तुडवावा लागतो आणि कँटरबरीच्या एका खाष्ट म्हाताऱ्याची परवानगी मागावी लागते, याचं शंभर वर्षांनी लोक नवल करतील, अशा आशयाचं.

शेवटी ब्रिटिश पार्लमेंटनेच कायदा बदलला. परदेशी नागरिकांना शपथेशिवाय दीक्षा देण्याची मुभा मिळाली, आणि सप्टेंबर १७८४ मध्ये वीम्स आणि गँट यांना दीक्षा मिळाली. स्वतंत्र अमेरिकेसाठी इंग्लंडच्या चर्चने दीक्षा दिलेले हे पहिले पाद्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅम्युएल सीबरी यांना स्कॉटलंडमध्ये अमेरिकेचे पहिले एपिस्कोपल बिशप म्हणून अभिषेक झाला. पंचविशीतला एक खेडवळ मुलगा भावी राष्ट्राध्यक्षाला, फ्रँकलिनला आणि पार्लमेंटला कामाला लावतो, यातच पुढच्या विक्रेत्याचा पिंड दिसतो.

तंबाखूवर चालणारं चर्च

परत येऊन वीम्स साउथ रिव्हरच्या ऑल हॅलोज पॅरिशचा पाद्री झाला. १७८४ ते १७८९ ही पाच वर्षं तो तिथे होता आणि नंतर थोडा काळ जवळच्या वेस्टमिन्स्टर पॅरिशमध्ये. पण ज्या चर्चसाठी त्याने एवढी यातायात केली, त्याची घडी तोवर विस्कटली होती.

इंग्रजी अमदानीत मेरिलँड आणि व्हर्जिनियात हे सरकारी चर्च होतं. पाद्र्याचा पगार लोकांच्या करातून निघे, आणि तो कर भरला जाई तंबाखूत. व्हर्जिनियात पाद्र्याला वर्षाला १६,००० पौंड तंबाखू ठरलेली होती. मेरिलँडमध्ये दर करपात्र माणशी ठरावीक वजनाची तंबाखू चर्चकडे जाई. तंबाखूचा भाव चढला की पाद्र्याचा संसार तरारे आणि उतरला की ओढगस्त. क्रांतीनंतर हा करच बंद झाला. १७८६ च्या कायद्याने व्हर्जिनियात धर्माला सरकारी आधार उरला नाही आणि १८०२ पासून चर्चच्या इनामी जमिनीही विकायची वाट मोकळी झाली. राजनिष्ठ पाद्री आधीच इंग्लंडला निघून गेले होते. कित्येक खेड्यांतली चर्चं ओस पडली, आणि लोक मेथडिस्ट व बॅप्टिस्ट प्रचारकांच्या उघड्यावरच्या सभांना जाऊ लागले. तिथे गाणं होतं, रडणं होतं, अंगात आल्यासारखं कंप पावणं होतं. एपिस्कोपल चर्चमध्ये लिहून आणलेलं संथ प्रवचन.

पगार नाही आणि श्रोतेही पांगलेले. अशा वेळी बहुतेक पाद्री शेती बघत, शाळा काढत किंवा नशिबाला बोल लावत बसत. वीम्सने पुस्तकं विकायला घेतली. १७९० च्या दशकात त्याचं फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरीशी जुळलं. केरी हा आयर्लंडमधून आलेला तडफदार मुद्रक-प्रकाशक. भांडणं, रुसवेफुगवे आणि अधूनमधून फारकत होऊनही हा व्यवहार वीम्सच्या मृत्यूपर्यंत टिकला. १७९५ मध्ये त्याने व्हर्जिनियातल्या डम्फ्रीज गावाजवळच्या कर्नल युएल यांच्या मुलीशी, फॅनीशी लग्न केलं. पुढे दहा मुलं झाली. एवढ्या मोठ्या कुटुंबाचं पोट चालवायचं, तर वर्षातले कितीतरी महिने रस्त्यावर काढणं भागच होतं.

पुस्तकांचा फिरता विक्रेता

वीम्सचं कार्यक्षेत्र पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्कपासून जॉर्जियापर्यंत पसरलेलं. घोडागाडी, तीत पुस्तकांची पेटी, आणि जवळ फिडल. तो फिडल झकास वाजवी आणि गप्पांचा फड रंगवी, अशा आठवणी पुढे कित्येक वर्षं सांगितल्या गेल्या. व्यवहाराची पद्धत मात्र नेमकी होती. पुस्तक छापण्याआधी तो त्याची जाहिरात-पत्रिका घेऊन फिरे आणि कोऱ्या कागदावर ग्राहकांच्या सह्या जमवी. पुरेशा सह्या झाल्या की केरी छपाईला हात घाले. मग माल पोचवायचा, पैसे वसूल करायचे आणि पुढचं गाव गाठायचं. गिऱ्हाइकांसाठी त्याने ठिकाणंही हेरून ठेवली होती. परगण्याचं कोर्ट भरे तो दिवस, निवडणुकीचा दिवस, स्थानिक फौजेच्या कवायतीचा दिवस आणि धार्मिक शिबिरं. चार घरांच्या वस्तीत राहणारा शेतकरी एरवी भेटणार कुठे? अशा दिवशी तो आपण होऊन येई, त्याच्या खिशात पैसे असत आणि करमणुकीची भूकही असे.

केरीला लिहिलेली वीम्सची पत्रं १९२९ साली निघालेल्या तीन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्यांत वरचेवर एकच तक्रार: मला जाडजूड धर्मशास्त्र पाठवू नका, स्वस्त, चटकदार, चित्रांची पुस्तकं पाठवा. बायबल त्याने मोठ्या संख्येने खपवलं. पण बायबल एका घराला एकदाच लागतं, छोटी पुस्तिका मात्र दर फेरीला नवी खपते, हे त्याला कळून चुकलं होतं. म्हणून तो स्वतःच लिहू लागला. १७९९ साली त्याने राजकीय भांडणं मिटवून सलोखा शिकवणारी एक पुस्तिका काढली. तिच्या लांबलचक नावातच तिची किंमत २५ सेंट अशी घालून टाकली आणि दोन राजकीय गटांत प्रेम जमवणाऱ्या औषधी चूर्णासारखी तिची जाहिरात केली. त्या पुस्तिकेसाठी त्याने खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचं शिफारसपत्रही मिळवलं. वॉशिंग्टनशी त्याची तोंडओळख होती. १७८७ च्या मार्चमध्ये तो माउंट व्हर्नन इथे एक मुक्काम करून गेल्याची नोंद वॉशिंग्टनच्या रोजनिशीत आहे.

डिसेंबर १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारला. महिन्याच्या आत वीम्सने केरीला कळवलं की लाखो लोक त्याच्याबद्दल काही वाचायला आ वासून बसलेत आणि मी दारूगोळा भरून तयार आहे. १८०० साली ८० पानांचं चरित्र बाहेर पडलं. पुढची पंचवीस वर्षं ते वाढत आणि पुन्हा पुन्हा छापलं जात राहिलं. वीम्सच्या हयातीतच त्याच्या दोन डझनांहून जास्त आवृत्त्या निघाल्या.

धान्यापेक्षा दारू हलकी

आता दारूकडे वळू. वीम्स ज्या रस्त्यांवरून फिरत होता, तो देश अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत दारुड्या काळात शिरत होता. इतिहासकारांच्या हिशेबाने १८३० च्या सुमारास लहान मुलांसकट दरडोई वर्षाला पाच गॅलनांहून जास्त, म्हणजे साधारण १९ लिटर, कडक दारू प्यायली जाई. त्यात बिअर आणि सफरचंदाची सायडर धरलेली नाही.

याचं मूळ शेतीच्या अर्थकारणात होतं. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे मका आणि राय भरपूर पिके, पण बाजार पूर्वेला, आणि मध्ये धड रस्ता नाही. एका घोड्याच्या पाठीवर चार बुशेल धान्य जाई. तेच धान्य व्हिस्की करून नेलं, तर चोवीस बुशेलांचा ऐवज एका घोड्यावर मावे. धान्य सडे, व्हिस्की टिके. त्यामुळे भट्टी हा शेतीचाच भाग झाला. १७९१ मध्ये सरकारने व्हिस्कीवर कर बसवला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी बंड करून उठले आणि १७९४ मध्ये ते मोडायला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला फौज घेऊन निघावं लागलं. १८२० च्या दशकात माल इतका झाला की गॅलनभर व्हिस्की २५ सेंटला मिळे. ज्या भावात वीम्स आपली सलोख्याची पुस्तिका विकत आला होता, त्याच भावात लोकांना चार लिटर व्हिस्की मिळू लागली होती.

शिवाय दारू हे त्या काळचं सर्वमान्य औषधच होतं. पाण्यावर भरवसा नसे, चहा-कॉफी बाहेरून येणारी आणि महाग. कापणीला मजुरांना दारूचा रतीब. निवडणुकीत उमेदवाराने मतदारांना पाजायची, हा तर शिरस्ताच. १७५८ च्या निवडणुकीत वॉशिंग्टनच्या नावावर मतदारांना रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर पाजल्याचा हिशेब आजही उपलब्ध आहे. खुद्द पाद्र्यांच्या दीक्षासमारंभातही बाटल्यांची रांग लागे. लायमन बीचर हा न्यू इंग्लंडचा पाद्री अशाच एका समारंभात अस्वस्थ झाला, आणि त्यातून पुढे तो दारूविरोधी आघाडीचा नेता झाला.

विरोध अगदीच नव्हता असं नाही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ साली कडक दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली. नंतर त्यांनी संयमाचा एक ‘थर्मामीटर’ काढला. वर पाणी, त्याखाली सौम्य बिअर, सायडर आणि वाइन, आणि सोबत आरोग्य, आनंद, भरभराट. पारा उतरत गेला की पंच, ग्रॉग, जिन, रम, आणि त्यांच्या बाजूला क्रमाने आळस, भांडण, चोरी, थरथर, वेड, आणि तळाशी फाशीचा खांब. म्हणजे या पहिल्या पिढीचा लढा गाळलेल्या कडक दारूशी होता. वाइन आणि बिअर त्यांना फारशी खटकत नव्हती. सर्व प्रकारच्या दारूवर फुली मारणारी चळवळ नंतरची.

दारुड्याचा आरसा

रश यांनी तक्ता काढला, तर वीम्सने तमाशा उभा केला. १८१२ साली त्याची ‘द ड्रंकर्ड्स लुकिंग ग्लास’ ही पुस्तिका निघाली. तिचं शीर्षक अर्ध्या पानाचं आहे आणि ते वाचताच माणूस खाली बसतो. दारू चढण्याच्या एकेक पायरीला गावातल्या पिणाऱ्यांच्याच बोलीतलं नाव दिलेलं आहे. आधी डोळ्यात एक थेंब उतरल्यासारखी तरतरी, मग अर्धवट तर्र, मग पायांचं हेलकावणं, आणि असं करत करत शेवटी टेबलाखाली कुत्र्यांच्या शेजारी निवांत आडवं होणं, जिथून आणखी खाली पडायची भीतीच उरत नाही. ही पाद्र्याची भाषा नव्हती. ती सराईतली होती, आणि म्हणूनच सराईतला माणूस पुस्तक हातात घेई. पहिली काही पानं त्याला शेजारच्या कुणाची तरी नक्कल वाटे. मग हळूहळू त्या नकलेत तोच सापडे.

वीम्सची युक्ती आपल्या कीर्तनकाराला लगेच ओळखता येईल. आख्यानात हशा पिकवायचा, श्रोता सैल झाला की घाव घालायचा. हशानंतर येतात त्या धावत्या घोड्यांच्या, मारामाऱ्यांच्या, अपघातांच्या आणि मोडलेल्या संसारांच्या हकिकती, रंगवून आणि रक्ताळून सांगितलेल्या. त्यात तर्कशास्त्र थोडं, तपशील भरपूर, आणि मधूनमधून देवाचा क्रोध.

हा साचा त्याने इतर पापांनाही वापरला. १८०७ पासून त्याने ईश्वरी सूडाच्या पुस्तिकांची मालिकाच काढली. एक खुनावर, एक जुगारावर, एक व्यभिचारावर, एक द्वंद्वयुद्धावर. पहिलीचा विषय दक्षिण कॅरोलायनाच्या एजफील्ड भागातल्या नवऱ्याने बायकोला ओढ्यात बुडवून मारल्याचा खरा खटला होता. त्याच भागातली बेकी कॉटन ही नवऱ्याच्या खुनाच्या आरोपातून सुटली, तिची कथा त्याने १८२३ साली बायकांना धडा म्हणून विकली. पंच तिच्या रूपालाच भुलले, असा त्याचा दावा. आजच्या भाषेत सांगायचं तर गुन्हेगारी बातमी, विनोद आणि उपदेश यांची मिसळ. उच्चभ्रू पाद्री नाकं मुरडत. पण एजफील्डच्या शेतकऱ्याने आयुष्यात छापील अक्षरं वाचली असतील तर ती बहुधा बायबल, पंचांग आणि वीम्स एवढीच.

या यादीत एक मोठी फट आहे. खून, जुगार, दारू, व्यभिचार, द्वंद्व या सगळ्यांवर एकेक पुस्तिका, पण ज्या समाजात तो हिंडत होता त्याचं सर्वांत मोठं पाप, गुलामगिरी, त्याच्या ईश्वरी सूडाच्या मालिकेत कुठेच नाही. त्याचे ग्राहक गुलामांचे मालक होते. गिऱ्हाइकाला रुचेल तेवढंच पाप विकायचं, ही विक्रेत्याची मर्यादा पाद्र्यालाही पडली.

चेरीचं झाड आणि व्हिस्कीची भट्टी

आता वॉशिंग्टनच्या चरित्राकडे परत येऊ, कारण ते याच प्रचाराचं दुसरं अंग आहे. दारुडा हा इशारा, तर वॉशिंग्टन हा आदर्श. वीम्सला लढायांत आणि तहांत फारसा रस नव्हता. त्याला हवा होता शेतकऱ्याच्या पोराला गिरवता येईल असा नायक: मेहनती, देवभीरू, संयमी, खरं बोलणारा. नायकाचं बालपण ठाऊक नसेल, तर वीम्स ते पुरवणार. चेरीच्या झाडाची गोष्ट पहिल्या आवृत्तीत नाहीच. ती १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत आली, आणि आपल्याला ती वॉशिंग्टन कुटुंबातल्या एका वृद्ध नातेवाईक बाईंनी सांगितली, एवढाच तिचा दाखला. जाता जाता एक गोष्ट. वीम्सच्या मूळ कथेत सहा वर्षांचा जॉर्ज झाड तोडून पाडत नाही. नव्या कुऱ्हाडीने त्याची साल इतकी सोलतो की झाड वाचण्याची आशा उरत नाही. पाडलेलं झाड हे पुढच्या सांगणाऱ्यांचं दान. नंतर मॅकगफीच्या शालेय वाचनमालेने ही गोष्ट घरोघर पोचवली. वीम्स मुखपृष्ठावर स्वतःला ‘माउंट व्हर्नन पॅरिशचे माजी पाद्री’ म्हणवू लागला, पण त्या नावाचं पॅरिश कधी अस्तित्वातच नव्हतं. पोहिक चर्चमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या जुन्या पॅरिशमध्ये, त्याने काही वेळा प्रवचन केलं होतं, एवढाच आधार.

खरं बोलण्याचा धडा खोट्या गोष्टीतून द्यायचा, यातला विरोध वीम्सला जाणवला असेल, असं त्याच्या पत्रांत कुठे दिसत नाही. त्याच्या लेखी गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती ऐकून मुलगा काय करील, हे महत्त्वाचं.

आणि वीम्सच्या नायकाचा एक व्यवसाय असा होता, जो दारुड्याच्या आरशात अजिबात शोभला नसता. राष्ट्राध्यक्षपद सोडून घरी परतल्यावर वॉशिंग्टनने १७९७ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सल्ल्याने माउंट व्हर्ननवर व्हिस्कीची भट्टी सुरू केली. रायचं प्रमाण सुमारे ६० टक्के, मका ३५ आणि उरलेलं सातूचं माल्ट. तांब्याची पाच भांडी, आणि कामावर बहुतांशी गुलाम. १७९९ साली तिथून जवळपास ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. त्या वेळच्या अमेरिकेतली ही सर्वांत मोठ्या भट्ट्यांपैकी एक. वीम्सचं डम्फ्रीज तिथून गाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यावर.

१९३९ साली चित्रकार ग्रँट वुडने ‘पार्सन वीम्स फेबल’ हे चित्र काढलं. त्यात वीम्स रंगमंचावरचा पडदा बाजूला सारून आपल्याला चेरीच्या झाडाचा प्रसंग दाखवतो आहे, आणि कुऱ्हाड घेतलेल्या लहान मुलाच्या धडावर म्हाताऱ्या वॉशिंग्टनचं, नोटेवर छापतात ते तोंड आहे. मागे दुसऱ्या झाडावरून दोन कृष्णवर्णी गुलाम चेऱ्या काढताहेत. वीम्सने जे सांगितलं आणि जे सांगायचं टाळलं, ते वुडने एकाच चौकटीत बसवलं आहे.

वीम्सच्या पश्चात

मे १८२५ मध्ये पुस्तकांच्या फेरीवर असतानाच दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट गावी वीम्सने देह ठेवला. त्याच वर्षी बीचरने दारूविरोधी सहा प्रवचनं दिली आणि पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, बोस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली. आता वर्गणी, शाखा, शपथपत्रं आणि लाखो छापील पत्रकं असा संघटित कारभार सुरू झाला. पण पत्रकांतली गोष्ट तीच: पहिला पेला, घसरण, भुकेली मुलं, भयानक शेवट. १८५४ साली टिमथी शे आर्थरची ‘टेन नाइट्स इन अ बार-रूम’ ही कादंबरी अमाप खपली, तीही याच वाटेने.

मध्येच एक वेगळं वळण आलं. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात बसलेल्या सहा पिणाऱ्यांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि मंडळ काढलं. पाद्री नको, डॉक्टर नको. सुटलेल्या दारुड्याने पिणाऱ्याला स्वतःची कहाणी सांगायची. मंडळाला नाव दिलं वॉशिंग्टनचं. ज्याने ११,००० गॅलन व्हिस्की गाळली, त्याच्या नावाने दारू सुटू लागली. वीम्सने रंगवलेला वॉशिंग्टन लोकांच्या मनात किती खोल उतरला होता, याचा आणखी पुरावा नको.

२२ फेब्रुवारी १८४२ रोजी, वॉशिंग्टनच्या जयंतीला, इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमध्ये याच मंडळाच्या तिथल्या शाखेपुढे तेहतीस वर्षांचा एक वकील बोलला. त्याचं नाव अब्राहम लिंकन. लहानपणी वीम्सचं वॉशिंग्टन-चरित्र वाचल्याचं लिंकनने पुढे १८६१ मध्ये ट्रेंटन इथे न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतः सांगितलं, पुस्तकाचं नाव घेऊन. १८४२ च्या भाषणात मात्र त्याने जुन्या दारूविरोधी प्रचारकांना कानपिचक्या दिल्या. दारुड्याला राक्षस आणि गुन्हेगार ठरवून शाप देत बसलात, म्हणून तो तुमचं ऐकेना, असा त्याचा मुद्दा होता. सुटलेल्या दारुड्यांना यश आलं, कारण ते दोस्तासारखे बोलतात.

ही टीका वीम्सला निम्मीच लागू पडते. देवाचा सूड आणि भयानक शेवट यांनी दारू सुटत नाही, हे लिंकनचं म्हणणं खरंच होतं, आणि वीम्सच्या पुस्तिकेत परत फिरणाऱ्या माणसासाठी जागा कमी होती. पण पिणाऱ्याच्या भाषेत, त्याला हसवत बोलायला हवं, हे बाल्टिमोरच्या त्या सहा जणांच्या जवळपास तीस वर्षं आधी याच पाद्र्याने ओळखलं होतं. इतिहासकारांनी वीम्सला खोटारडा म्हणावं. त्या शिक्क्याला तो पात्र आहेच. मात्र अमेरिकेतल्या दारूविरोधी प्रचाराचा इतिहास लिहिणाऱ्याने संस्थांच्या आधी त्याच्या पुस्तिकांपासून सुरुवात करावी, कारण संस्थांनी पुढे जे लाखोंनी छापलं, ते हा कफल्लक पाद्री एकट्याने गावोगाव विकून मोकळा झाला होता.